चूक दाखवली की माणूस तुटतो, मग दाखवायचीच नाही का?

जर्मनवाली (धागा यांचा)

गेली अकरा वर्षं कोथरूडला घरीच जर्मन शिकवते. छोटी बॅच, सहा-सात जण, त्यातले निम्मे आयटीतले, एक-दोन चाकणच्या कंपन्यांतले आणि हल्ली नर्सिंग केलेल्या मुली खूप येतात. मागच्या महिन्यात एका मुलाने क्लास सोडला आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

मुलगा हुशार, बी-वन म्हणजे जर्मनची मधल्या पातळीची परीक्षा देणार होता. मित्राला ईमेल लिहायला दिला होता, वाढदिवसाला येता येणार नाही असं कळवायचं, जेमतेम ऐंशी शब्द, परीक्षेत असतो तसाच. मी त्यात एकवीस खुणा केल्या. त्याने कागद बघितला, घडी घातली आणि म्हणाला, मॅडम तुम्ही फार डिमोटिव्हेट करता, मला काय म्हणायचंय ते कळलं ना तुम्हाला, मग झालं की. पुढच्या आठवड्यात मेसेज आला की दुसरा ऑनलाइन क्लास लावलाय, तिथले सर प्रत्येक वाक्याला 'सुपर' म्हणतात.

आता कळलं का, तर मला कळलं कारण मी मराठी आहे आणि तो मनात इंग्रजी वाक्य करून ते जर्मनमध्ये ओततोय हे मला दिसतं. एकदा वर्गात पंखा बंद होता तेव्हा तो म्हणाला 'इष बिन हाइस'. याचा जर्मनमध्ये चारचौघांत बोलू नये असा अर्थ होतो. बरोबर वाक्य 'मीर इस्ट हाइस', म्हणजे सरळ आपलं 'मला गरम होतंय'. 'मला'! मराठीतून गेला असता तर चुकलाच नसता. तेच 'वाइल'चं, म्हणजे 'कारण'चं. त्याच्यापुढच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपल्याकडे ते जन्मापासून शेवटीच असतं, तरी आमची मुलं ते इंग्रजीसारखं मधे आणून ठेवतात. हे मी सांगायचं नाही तर कोणी सांगायचं?

गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वनला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. बोलण्यात नव्वद मिळाले म्हणून लेखनातले पन्नास चालवून घेत नाहीत. तिथला परीक्षक 'सुपर' म्हणणार नाहीये. गोड बोलून फी घेणं मला फसवणूक वाटते. तुमचं काय मत?

चाकण शिफ्ट

मॅडम मी तो मुलगा नाही, पण त्याच्या जागी मी होतो म्हणून स्पष्टच लिहितो. पहिली शिफ्ट असली की पहाटे पाचला घर सोडतो, दुपारी परत येऊन दोन तास झोपतो आणि संध्याकाळी क्लास. त्यात वेळ काढून ऐंशी शब्द लिहिले आणि हातात लाल झालेला कागद आला तर माणूस काय शिकणार? एकवीस खुणांतून मला एवढंच कळतं की मी ढ आहे. त्यातली कुठली चूक मोठी, कुठली परीक्षेत चालून जाईल, उद्या सकाळी बसमध्ये बसल्यावर मी नेमकं काय पाठ करू, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. कंपनीत क्वालिटीवाला येऊन एका पार्टमध्ये एकवीस दोष दाखवून निघून गेला तर आम्ही त्याला विचारतो ना, आधी कुठला धरू? तुम्ही याला खरं बोलणं म्हणता, मला हे काम अर्धं सोडल्यासारखं वाटतं.

पेठकर

शिक्षिकाबाईंशी शंभर टक्के सहमत. गाणं शिकायला गेलात आणि गंधार लागला नाही तर गुरू पुढच्या स्वराला जाऊ देत नाहीत, महिना त्या एका स्वरावर बसवतात, तिथे कोणी डिमोटिव्हेट झालो म्हणत नाही. भाषेच्याच बाबतीत लोकांना 'पोचलं ना' पुरतं. चुकीची सवय एकदा जिभेवर बसली की निघत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच आणि प्रत्येक वेळी सांगितलं पाहिजे, समोरच्याला वाईट वाटलं तरी.

इंदूर ते वाकड

मी पण लिहिते. मी इंदूरची आहे, तिकडे मराठी लोक खूप आहेत पण आमच्याकडे हिंदीच बोलतात, मराठी मी इथे येऊन शिकले. माझा घर वाकडला आहे, सहा वर्षांपासून.

पहिले दोन वर्ष मी सोसायटीत मराठी बोलायची खूप कोशिश केली. पण मी तोंड उघडलं की कोणीतरी मधेच थांबवायचं, असं नाही म्हणत, तसं म्हणतात, आणि बाकीचे हसायचे. वाईट हसणं नव्हतं, मला माहीत आहे. पण एकदा माझ्या सासऱ्यांना आयसीयूत ठेवलं होतं ते मी शेजारी सांगत होते आणि त्यांनी मला 'ठेवला' नाही 'ठेवलं' असं सुधारलं. त्या दिवसापासून मी सोसायटीत हिंदीच बोलते. मराठी फक्त भाजीवाल्या मावशीशी बोलते. मी मावशीशी विचारलं की माझा मराठी कसा आहे, तर म्हणाल्या, बोलत रहा गं, येतंय. त्या माझा वाक्य पूर्ण ऐकतात. बस एवढंच.

पेठकर

ताई राग मानू नका, पण तुमच्याच भल्यासाठी. घर नपुंसकलिंगी, माझं घर. वर्षही नपुंसकलिंगी, अनेकवचनात पहिली दोन वर्षं. कोशिश हिंदी, मराठीत प्रयत्न. मावशीशी नाही मावशींना विचारलं. माझं मराठी. माझं वाक्य. सहा वर्षांत एवढं यायला हरकत नव्हती.

बीडचा

पेठकर, त्या ताईंनी सासऱ्यांच्या आजारपणाचं लिहिलं आणि तुम्ही त्याच्यावर सहा दुरुस्त्या लावल्या. मूळ प्रश्न काय होता तो परत वाचा.

आणि मला दुसरं बोलायचंय. पुण्यात 'चूक' कशाला म्हणतात हेच आधी ठरवा. मी इथे कॉलेजला आलो तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये 'काय करायलास' म्हणलो तर टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी आई, आजी, आख्खं गाव असंच बोलतं. 'पानी' म्हणलं की 'पाणी' म्हण म्हणून चार जणांनी शिकवलं. ही भाषा शिकणाऱ्याची चूक नव्हती, मी जन्मापासून मराठीच बोलतो. मग झालं काय, मी सहा महिने वर्गात तोंडच उघडलं नाही, आणि आता घरी गेलो की आई म्हणते तू पुण्यासारखा बोलायलास. दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं आपण भाषा वाचवतोय. ज्याला सुधारतात त्याला ऐकू येतं की तुझं घर खालचं आहे. म्हणून ज्याला टीका सोसत नाही तो आळशी किंवा गर्विष्ठ असं मला कधीच वाटत नाही, आधी त्याला कोणी कसं सुधारलंय ते बघायला पाहिजे.

दुभाषी

बीडच्या मित्राचं पटलं, बोलीला चूक म्हणणं हा अन्यायच आहे. पण परकी भाषा कामासाठी शिकतो तेव्हा गोष्ट वेगळी होते, तिथे मी शिक्षिकाबाईंच्या बाजूने.

मी जपानी कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करते. जपानी माणूस तुमच्या पहिल्या दोन वाक्यांनंतर 'जोओझु' म्हणतो, म्हणजे छान येतं हो तुम्हाला. ती रीत आहे, पाहुण्याला पाणी विचारावं तशी. आमच्याकडची मुलं ते खरं धरून चालतात. मला पाच वर्षं सगळे जोओझु म्हणत होते आणि माझे दीर्घ स्वर आखूड पडतात हे एकानेही सांगितलं नाही. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, मी दोन्ही एकसारखंच म्हणत होते. शेवटी एका वयस्कर इंजिनिअरनी मीटिंग संपल्यावर बाजूला बोलावून कागदावर दोन्ही शब्द लिहिले, एकदा हे म्हणा, एकदा ते म्हणा, असं दहा वेळा करून घेतलं. मला रडू आलं होतं, खरंच. पण पाच वर्षांत माझ्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस होता.

जपानीची जी मोठी परीक्षा आहे, एन-फाइव्ह ते एन-वन अशा पातळ्यांची, तिच्यात बोलण्याचा भागच नाही. त्यामुळे एन-टू पास होऊनही बोलताना काय चुकतं ते माणसाला कळत नाही. कोणीतरी सांगावंच लागतं.

चाकण शिफ्ट

दुभाषी ताई, तुमचंच परत वाचा ना. त्या साहेबांनी मीटिंग संपू दिली, बाजूला घेतलं, एकच गोष्ट धरली आणि दहा वेळा म्हणून घेतली. माझं भांडण याच्याशी नाहीचे. अशी चूक कोणी दाखवली तर मी रात्री अकरालाही क्लासला येईन.

भाषा आणि चहा

माझा अभ्यासाचा विषय हाच आहे म्हणून थोडं. 1997 साली रॉय लिस्टर आणि लैला रांटा या दोघांनी कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या चार वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं. शिक्षक सर्वांत जास्त वेळा काय करत होते, तर चुकलं असं न सांगता मुलाचं वाक्य बरोबर करून परत म्हणून दाखवत होते. सौम्य, कोणी दुखावत नाही. अर्ध्याहून जास्त दुरुस्त्या या अशा, आणि नेमक्या यांनाच मुलं सगळ्यात कमी प्रतिसाद देत होती, एक तृतीयांश वेळासुद्धा नाही. मुलांना बहुधा वाटत असावं की सर आपल्याशी सहमत आहेत. उलट जिथे शिक्षक अडले, 'हे कसं म्हणशील?' असं विचारून थांबले, तिथे मूल दर वेळी काहीतरी बोललंच.

म्हणजे पेठकर, उत्तर देऊन टाकलं की शिकणाऱ्याला काही करायला उरतच नाही. आणि नुसतं गोड बोलूनही भागत नाही. लेखनाच्या बाबतीत तर जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये व्याकरणाच्या दुरुस्त्या बंदच करा असं मांडलं होतं, त्याला डॅना फेरिस यांनी जोरदार विरोध केला, तो वाद अजून चालूच आहे. मी स्वतः ट्रस्कॉट यांच्या टोकाला जात नाही, पण एकवीस खुणा मलाही जास्त वाटतात.

पेठकर

मी ताईंना दुखवायला लिहिलं नव्हतं. शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, ते मागे घेतो. पण दुरुस्तीबद्दलचं मत तेच आहे. तुम्ही सगळे वेळ आणि पद्धत बघत बसता आणि त्यात सांगायचंच राहून जातं, असे लोक मी खूप पाहिलेत, वीस वर्षं पुण्यात राहून 'मेरेको मालूम नाही' वर अडकलेले, कारण सगळे त्यांच्याशी सभ्यपणे हिंदीत बोलत राहिले. हा पण अपमानच आहे, तो दिसत नाही एवढंच.

जर्मनवाली

पेठकरांचं हे शेवटचं खरंय, आपण पटकन हिंदीवर जातो आणि त्याला आपण चांगुलपणा समजतो.

चाकण शिफ्ट, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. तो ईमेल माझ्या फोनमध्ये आहे, परत मोजला. एकवीस खुणांपैकी नऊ एकाच प्रकारच्या होत्या, क्रियापदाची जागा. मी त्या नऊ ठिकाणी नऊ गोल केले, एकदाही खाली लिहिलं नाही की ही सगळी एकच चूक आहे. त्याला एकवीस दिसल्या, धरायच्या होत्या चार-पाच. हे त्याला कळवतेय आज, परत येण्यासाठी नाही. पण 'सुपर' मी नाही म्हणणार, त्यावर मी ठाम आहे.

इंदूर ते वाकड, तुम्ही अजून इथे आहात का? तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, फक्त एक. सांगू का?

इंदूर ते वाकड

आहे. वाचत होते. सांगा, एकच.

जर्मनवाली

तुम्ही लिहिलंय 'मावशीशी बोलते' आणि 'मावशीशी विचारलं'. यातलं एक अगदी बरोबर आहे. कुठलं वाटतं?

इंदूर ते वाकड

बोलते? हिंदीत तर दोन्हीला 'से' लागतं, से बात की, से पूछा. मग विचारलंला काय, मावशीला? मावशींना विचारलं?

जर्मनवाली

हो. मावशींना विचारलं.

इंदूर ते वाकड

आज सकाळी मावशींना विचारलं, मेथी कशी दिली. म्हणाल्या वीसला जुडी, तुला पंधराला. घराचं आणि वाक्याचं पुढच्या आठवड्यात सांगा.