जीएनएम झालं, खासगी आयसीयूत ड्युटी चालू. पोस्ट बेसिक करू की नॉरसेट?

नाईटवाली_सिस्टर
सोलापुरात खासगी आयसीयूला आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पूर्ण, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, दोन वर्षं भरत आलीत. घरचे म्हणतात पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री, करून टाक. सोबतच्या मुली नॉरसेटच्या, म्हणजे एम्सच्या नर्स भरती परीक्षेच्या, मागे आहेत. एक एजंट म्हणतो, कॉलेजला न जाता पोस्ट बेसिक होईल, नोकरी सोडायची गरज नाही. खरंच होतं का असं?

वॉर्ड_इन्चार्ज
एजंटाला आधी वाटेला लावा. पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचा नियमित कोर्स आहे. थिअरी-प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडण्याआधी क्लिनिकल (वॉर्डमधलं प्रत्यक्ष काम) १०० टक्के पूर्ण करावं लागतं. हजेरी कागदावर दाखवून मिळालेली डिग्री पुढे कौन्सिलमध्ये किंवा कागदपत्र पडताळणीत अडकली, तर एजंट फोनही उचलणार नाही. परराज्यातलं कॉलेज असेल तर त्या वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः उघडून बघा.

आता मुख्य प्रश्न: तुमचं हॉस्पिटल किती बेडचं आहे? तिथेच सगळं ठरतं.

नाईटवाली_सिस्टर
३० बेडचं. त्याचा काय संबंध?

वॉर्ड_इन्चार्ज
संबंध आहे ना. एम्सच्या नॉरसेटला जीएनएमवाल्यांसाठी अट अशी: किमान ५० बेडच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव, तोही शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा. म्हणजे तुमची ही दोन वर्षं तिथे धरणारच नाहीत. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक झालेल्यांना ही अनुभवाची अट नाही. तेव्हा दोनच वाटा उरतात: मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दोन वर्षं नव्याने मोजायची, नाहीतर तीच दोन वर्षं पोस्ट बेसिकला द्यायची. मोठ्या ठिकाणी पगार चालू राहतो, पण शेवटी हातात डिप्लोमाच. पोस्ट बेसिकनंतर एमएस्सीचंही दार उघडतं. फीची सोय होत असेल तर माझं मत पोस्ट बेसिकला. वय मात्र बघा, नॉरसेटची वरची मर्यादा साधारण ३० आहे, आरक्षणात सवलत मिळते.

कागदपत्र_आधी
कुठेही गेलात तरी अनुभवपत्र नीट घ्या. लेटरहेडवर रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पद, विभाग, बेडसंख्या, सही-शिक्का. 'अमुक सिस्टर आमच्याकडे कार्यरत होत्या, वर्तणूक चांगली' एवढंच लिहिलेलं पत्र पडताळणीच्या टेबलावर टिकत नाही. सोबत पगाराचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा, रोखीने पगार घेणाऱ्यांचे इथे फार हाल होतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दहावीची मार्कलिस्ट, आधार आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जुळतंय का बघा, नाहीतर गॅझेट आत्ताच करून घ्या. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू होतं, त्यासाठी लागणारे सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे) तास शेवटच्या महिन्यात गोळा करायला धावू नका.

ड्रिप_रेट
अभ्यासाचं बोलू. नॉरसेटच्या प्रिलिमला निगेटिव्ह मार्किंग आहे, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. आयसीयूत काम करणाऱ्यांचे हक्काचे गुण डोस काढण्यात असतात आणि तिथेच सगळे घसरतात, कारण ड्युटीवर पंपाचा आकडा डॉक्टर सांगतात आणि आपण लावतो. हे सोडवून बघा: डोपामिन २०० मिलिग्रॅमचा ५ मिलीचा अँप्यूल, त्यात ४५ मिली एनएस (साधं सलाईन). पेशंट ६० किलो, ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. सिरिंज पंप ताशी किती मिलीवर लावायचा?

५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये एका मिलीत ४ मिलिग्रॅम. १८ भागिले ४, उत्तर ताशी ४.५ मिली. मिनिटाचं तासात करायचं विसरलात की ०.०७५ येतं, आणि पेपर काढणारा नेमका तोच आकडा पर्यायात ठेवतो.

राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीवरही डोळा ठेवा. पगार वेतनस्तर एस-१३, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० पासून. एम्सला लेव्हल ७, ४४,९०० पासून. आपल्या सिव्हिलमध्ये लागलात तर घरून ड्युटी. फक्त राज्याच्या पेपरला मराठी व्याकरणही असतं, ते नर्सिंगवाले हमखास सोडून देतात.

नाईटवाली_सिस्टर
बेडचं कोणीच बोललं नव्हतं. अनुभवपत्र या आठवड्यात मागते, त्यात तारखा नीट घालून घेते. पोस्ट बेसिकच्या फीचं घरी बोलते.