जुन्या सर्व्हरवर चालतं, नव्यावर २०३५: एमक्यूला दुसऱ्या मशीनवरून जोडताना परवानगी नाकारली जातेय

नवी_पाळी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे आयबीएम एमक्यूचा (प्रोग्रॅम-प्रोग्रॅममध्ये रांगांमधून मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) एक जुना सर्व्हर आहे, बरीच वर्षं बिनबोभाट चाललेला. तो आता मोडीत काढायचाय, म्हणून नव्या लिनक्स मशीनवर एमक्यू ९.३ टाकून क्यू मॅनेजर (या रांगा सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम) तयार केला. क्यू (रांगा), चॅनेल (आत येण्याची वाट), लिसनर (पोर्टवर जोडणीची वाट पाहणारा) सगळं जुन्यावरून नावासकट उचललं. ॲप्लिकेशन वेगळ्या मशीनवर आहे, जावाचं, जेएमएस (जावाची मेसेज पाठवायची-घ्यायची पद्धत) वापरतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये फक्त आयपी बदलला. सुरू केलं की लगेच जेएमएसडब्ल्यूएमक्यू२०१३ ही एरर, आणि खाली कंप्लीशन कोड २ (फेल), रीझन २०३५ (परवानगी नाही).

आतापर्यंत पाहिलेलं: ॲपच्या मशीनवरून १४१४ पोर्टला टेलनेट लागतो. नव्या सर्व्हरवरच बसून एमक्यूएम (एमक्यूचा ॲडमिन) युजरने सॅम्पल प्रोग्रॅम चालवला तर मेसेज जातो. तीच जार फाइल जुन्या सर्व्हरकडे वळवली की आजही चालते. कॉन्फिगमध्ये युजर-पासवर्ड आधीही नव्हता, आताही नाही.

आमचे लीड म्हणतात फायरवॉल बघा, फायरवॉलवाले म्हणतात ॲप बघा, आणि तिकीट मधल्या मध्ये फिरतंय. ॲपच्या बाजूचा ट्रेस काढला तर ढीगभर निघाला, पण त्यात २०३५ च्या पलीकडे काहीच नाही. कुठून सुरुवात करू?

झटपट_जुगाड

दोन मिनिटांचं काम आहे. रनएमक्यूएससीमध्ये (एमक्यूच्या कमांड द्यायची जागा) जा, ऑल्टर क्यूएमजीआर करून सीएचएलऑथ (चॅनेलवरून कोण येऊ शकतो याचे नियम) डिसेबल्ड करा, कॉनऑथ (पासवर्डची तपासणी) रिकामं करा, रिफ्रेश सिक्युरिटी मारा. चॅनेलच्या एमसीएयुजरमध्ये (येणाऱ्याला ज्या युजरचे अधिकार मिळतात ते नाव) एमक्यूएम टाका. झालं. आम्ही सगळीकडे हेच करतो.

एमक्यूवाले_काका

जुगाडराव, तुमच्या मशीनचा आयपी इथे टाकू नका म्हणजे मिळवली.

नवी_पाळी, फायरवॉलचा विषय आधी मिटवून टाका, तुमच्या लीडना हे जसंच्या तसं पाठवा. मशीनपर्यंत पोचताच येत नसतं तर क्लायंटला २५३८ आला असता. चॅनेलचं नाव चुकलं असतं तर २५४०. क्यू मॅनेजरचं नाव चुकलं असतं तर २०५८, आणि तो बंद असता तर २०५९. तुम्हाला २०३५ येतोय म्हणजे नेटवर्क ठीक, लिसनर ठीक, चॅनेलचं नावही ठीक. पलीकडच्याने तुम्हाला पाहिलं, आणि ‘नाही’ म्हणाला.

का नाही म्हणाला, ते तो क्लायंटला सांगणार नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. दार ठोठावणारा चोर असेल तर त्याला ‘युजर बरोबर आहे पण पासवर्ड चुकला’ असं कळवणं म्हणजे त्याचं अर्धं काम करून देणं. त्यामुळे ॲपच्या बाजूला कितीही ट्रेस काढा, हाती काही लागायचं नाही. खरं कारण सर्व्हरच्या बाजूला लिहिलेलं असतं: व्हार, एमक्यूएम, क्यूएमजीआरएस, तुमच्या क्यू मॅनेजरचं नाव, एरर्स, आणि त्यात एएमक्यूईआरआर०१ नावाची लॉग फाइल. ती टेल लावून उघडी ठेवा, ॲप पुन्हा सुरू करा, त्या क्षणी पडलेली नोंद इथे टाका. आयपी आणि नावं झाका.

तोवर दुसरं काम. दोन्ही सर्व्हरवर रनएमक्यूएससीत जाऊन ‘डिस्प्ले क्यूएमजीआर सीएचएलऑथ कॉनऑथ’ एवढंच विचारा. माझा अंदाज: जुन्यावर पहिलं डिसेबल्ड आणि दुसरं रिकामं दिसेल. नव्यावर पहिलं एनेबल्ड, आणि दुसऱ्यात सिस्टिमचं एक ऑथइन्फो ऑब्जेक्ट (पासवर्ड कसा तपासायचा ते सांगणारी नोंद). चॅनेल ऑथेंटिकेशनचे नियम आले ७.१ मध्ये, २०११ साली. पासवर्ड तपासणारं कॉनऑथ आलं ८.० मध्ये, २०१४ साली. त्याआधीचा क्यू मॅनेजर जेव्हा नव्या आवृत्तीवर नेला जातो तेव्हा चालू धंदा बंद पडू नये म्हणून या दोन्ही गोष्टी तशाच बंद ठेवल्या जातात. नव्याने तयार केला की दोन्ही चालू. तुमचा जुना सर्व्हर ‘व्यवस्थित चालतोय’ याचा अर्थ इतकी वर्षं तिथे कुणी काही विचारतच नव्हतं. क्यू आणि चॅनेल तुम्ही उचलून आणलेत. ही ढिलाई मात्र क्यू मॅनेजरच्या अंगावर होती, ती आली नाही. बरं झालं.

आता जुगाडरावांच्या औषधाबद्दल. दोन्ही पहारे काढले की क्लायंट स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं धरलं जातं. मी माझ्या लॅपटॉपवर एमक्यूएम नावाचा युजर बनवला आणि १४१४ ला येऊन धडकलो, तर तुमच्या क्यू मॅनेजरचा मी ॲडमिन. पासवर्ड नाही, काही नाही. आणि चॅनेलच्या एमसीएयुजरलाच एमक्यूएम केलं तर तेवढेही कष्ट नकोत, येईल तो ॲडमिन. ॲडमिन म्हणजे फक्त मेसेज वाचेल असं समजू नका. एमक्यूमध्ये सर्व्हिस नावाचं ऑब्जेक्ट असतं, त्यात ऑपरेटिंग सिस्टिमची कुठलीही कमांड लिहून एमक्यूएमच्या अधिकाराने चालवता येते. लांबून. पैशांचे व्यवहार त्या रांगांमधून जात असतील तर विचार करा.

नवी_पाळी

काका, तुमचा अंदाज तंतोतंत! जुन्यावर डिसेबल्ड आणि रिकामं, नव्यावर एनेबल्ड आणि सिस्टिमचं काहीतरी. लीडना तुमचा परिच्छेद पाठवला, फायरवॉलचं तिकीट बंद झालं.

लॉगमध्ये सापडलेलं:

एएमक्यू९५५७ई: क्यू मॅनेजर युजर आयडी इनिशियलायझेशन फेल्ड फॉर ‘पेमेंट_सर्व्ह’.

आमची प्रोसेस ज्या युजरने चालते त्याचं नाव ‘पेमेंट_सर्व्हिस’ आहे. हे अर्धवट नाव कुठून आलं? कॉन्फिगमध्ये तर कुठेही युजर दिलेला नाही.

आणखी एक. मध्ये एकदा आमच्या ॲडमिनने ॲपच्या मशीनवर एमक्यूएम युजरने सॅम्पल चालवून बघितला, त्यालाही २०३५. पण त्या वेळची नोंद वेगळी होती, एएमक्यू९७७६ई. एमक्यूएमला पण नाही म्हणतं म्हणजे काय?

एमक्यूवाले_काका

छान, आता कामाचं काहीतरी हाती आलं.

युजर तुम्ही दिला नाही तरी नाव जातं. जावाची प्रोसेस ज्या युजरने चालते ते नाव क्लायंट आपणहून पुढे करतो. आणि लिनक्सवरच्या एमक्यूत युजरचं नाव जास्तीत जास्त १२ अक्षरांचं. तुमचं इंग्रजीत, अंडरस्कोर धरून, १५ अक्षरं. शेवटची तीन गळाली, जे उरलं त्या नावाचा युजर सर्व्हरवर नाहीच, मग एमक्यू कुणाचे अधिकार तपासणार? जुन्यावर हे का अडलं नाही, तर तिथल्या चॅनेलच्या एमसीएयुजरमध्ये एखादं नाव भरलेलं असणार. बघा. एमक्यूएम निघालं तर मला सांगू नका, रात्री झोप येणार नाही.

९७७६ म्हणजे ‘युजर आयडीवरून चॅनेल अडवला’. नव्या क्यू मॅनेजरमध्ये तयार नियम येतात, त्यातला एक म्हणतो की ॲडमिन गटातला कुणीही क्लायंट चॅनेलवरून आत येणार नाही. म्हणून सर्व्हरवर बसून एमक्यूएम चालतो आणि दुसऱ्या मशीनवरून तोच चालत नाही. यात बिघाड काही नाही, नियम आपलं काम करतोय. ॲडमिनसाहेबांना सांगा, चाचणी ॲपच्याच युजरने घ्या, नाहीतर वेगळ्याच दुखण्याचं निदान व्हायचं.

आता हे करा. नव्या सर्व्हरवर छोट्या नावाचा एक युजर काढा, समजा ‘पेॲप’, त्याचा वेगळा गट, लॉगिन शेल नको. मग चॅनेलवर दोन नियम. पहिला: या चॅनेलवर कुठल्याही पत्त्यावरून येणाऱ्याला नोॲक्सेस. दुसरा: ॲपच्या मशीनच्या आयपीवरून येणाऱ्याला मॅप करून एमसीएयुजर पेॲप. जास्त नेमका नियम वरचढ ठरतो, त्यामुळे तुमचं ॲप आत, बाकी जग बाहेर. नियम लिहून झाले की ‘डिस्प्ले सीएचएलऑथ’ला मॅच रनचेक, पत्ता आणि क्लायंट युजर देऊन विचारा, प्रत्यक्ष जोडणी न करता कुठला नियम लागेल ते तो सांगतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, का कोण जाणे.

यानंतर तुम्हाला पुन्हा २०३५ दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. ‘काहीच फरक पडला नाही’ असं म्हणून सगळं उलटं फिरवू नका. लॉगमधला क्रमांक बदललेला असेल. ९७७७ असेल तर अजून चॅनेलच्या नियमात अडकलाय. ५५३४ किंवा ५५४० असेल तर पासवर्डच्या टेबलावर: पहिल्यात चुकीचा दिलाय, दुसऱ्यात दिलाच नाही. ८०७७ आला तर पेढे वाटा, कारण ओळख पटली, आता फक्त अधिकार द्यायचे राहिलेत.

अधिकार सेटएमक्यूऑट या कमांडने द्या, आणि गटाला द्या, म्हणजे डॅश जी. लिनक्सवर डॅश पी लावून युजरला दिले तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ते गुपचूप त्याच्या प्रायमरी गटाला जातात. तो गट सगळ्यांचा सामाईक असेल तर सगळ्यांना दिले गेले. क्यू मॅनेजरवर कनेक्ट, क्यूवर जे लागेल ते.

नवी_पाळी

८०७७ आला!! पेढे उधार.

एंटिटी ‘पेॲप’, ऑब्जेक्ट म्हणून आमच्या क्यूचं नाव, आणि शेवटी ‘अनऑथोराइज्ड: आयएनक्यू’. पुट आणि गेट दिले होते. आयएनक्यू कशाला हवंय?

एमक्यूवाले_काका

जेएमएसला हवं असतं. क्यू उघडताना तो तिच्याबद्दल चौकशी करतो, ती चौकशी म्हणजे इन्क्वायर. साध्या सी प्रोग्रॅमला पुट-गेट पुरतं, जेएमएसला आयएनक्यू लागतंच, आणि क्यू ब्राउझ करत असाल तर ब्राउझही. क्यू मॅनेजरवरही कनेक्टसोबत आयएनक्यू द्या. दिलेलं नीट बसलं का ते डीएसपीएमक्यूऑट या कमांडने बघा.

सेटएमक्यूऑट लगेच लागू होतं, रीस्टार्ट नको. मात्र लिनक्सवर युजरला नव्या गटात घातलं असेल तर रिफ्रेश सिक्युरिटी करावी लागते, कारण गटांची यादी क्यू मॅनेजर आठवणीत ठेवतो. आणि अधिकार तपासले जातात ते जोडताना आणि क्यू उघडताना. आधीच उघडून बसलेल्या प्रोसेसवर नव्या नियमाचा परिणाम दिसणार नाही, ती पुन्हा जोडायला लावा.

दोन_टोकं

काकांना जोड म्हणून. आमच्याकडे ॲप नव्हतं, दोन क्यू मॅनेजर दोन मशीनवर आणि मध्ये सेंडर-रिसीव्हर चॅनेल. तिथे २०३५ चं सोंग वेगळं असतं. चॅनेल रनिंग दाखवतो, कुणाला एरर नाही, आणि मेसेज मात्र पोचत नाहीत. शेवटी पलीकडच्या डेड लेटर क्यूत (न पोचवता आलेले मेसेज जिथे पडतात ती रांग) सापडले. एएमक्यूएसबीसीजी या सॅम्पल प्रोग्रॅमने (मेसेज बाइटसकट दाखवतो) उघडल्यावर सुरुवात अशी: ४४४सी ४८२० ०१०० ०००० एफ३०७ ००००. पहिले चार बाइट म्हणजे ‘डीएलएच’ (डेड लेटर हेडर), पुढचे चार आवृत्ती, आणि त्यानंतर कारण: इंटेलच्या मशीनवर बाइट उलटे बसतात, सुलटे केले की ०७एफ३, म्हणजे दशमानात २०३५. आयबीएमच्या एआयएक्स मशीनवर ते सरळच दिसतं.

कारण असं की रिसीव्हर चॅनेलच्या एमसीएयुजरमध्ये कमी अधिकारांचा युजर घातला होता (घालायलाच हवा, रिकामा ठेवला तर एमक्यूएमच्या अधिकाराने चालतो), पण त्याला फक्त पुट दिलं होतं. रिसीव्हर मूळ पाठवणाऱ्याचा संदर्भ (कुणी, कधी पाठवला ते) जपून मेसेज ठेवतो, म्हणून त्याला क्यूवर पुटसोबत सेटऑल (तो संदर्भ भरायचा अधिकार) लागतं, क्यू मॅनेजरवर कनेक्ट, आयएनक्यू आणि सेटऑल, आणि हेच पुट-सेटऑल डेड लेटर क्यूवरही.

आणि डेड लेटर क्यू नेमलेली आहे का ते आधी बघा! सिस्टिमच्या नावाने एक क्यू तयार असते, पण क्यू मॅनेजरच्या डेडक्यू या सेटिंगमध्ये तिचं नाव आपण भरावं लागतं, आपोआप नसते. नेमलेली नसेल आणि चॅनेलचं नॉन-परसिस्टंट मेसेजसाठीचं सेटिंग फास्ट असेल तर नॉन-परसिस्टंट (डिस्कवर न जपलेले) मेसेज सरळ टाकून दिले जातात.

झटपट_जुगाड

ठीक आहे, पण पत्त्यावरून ओळखणं म्हणजे तरी काय सुरक्षा? आयपी कुणीही घेऊ शकतो.

एमक्यूवाले_काका

पटलं. आयपीचा नियम ही किमान पायरी आहे. पुढची पायरी म्हणजे चॅनेलवर टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) लावून, ॲपला स्वतःचं सर्टिफिकेट देऊन, एसएसएलपीअरमॅपच्या नियमाने त्या सर्टिफिकेटच्या नावावरून पेॲपला जोडणं. सर्टिफिकेट मिळवायला तुमच्या कंपनीत किती सह्या लागतात त्यावर अवलंबून. तोवर आयपीच्या नियमातच चेकक्लायंट रिक्वायर्ड करा, म्हणजे त्या पत्त्यावरून आलेल्यालाही पासवर्ड द्यावाच लागेल. पेॲपला शेल नाही तरी पासवर्ड ठेवता येतो.

दोन_टोकं यांनी डेडक्यूचं सांगितलं ते नवी_पाळींनी आजच बघावं. जुन्यावर भरलेली असेल, नव्यावर नसेल.

नवी_पाळी

नव्यावर खरंच रिकामी होती, भरली. आयएनक्यू दिल्यावर ॲप जोडलं गेलं, चाचणीचे मेसेज दोन्ही दिशांनी जातायत. चेकक्लायंटसाठी ॲपच्या कॉन्फिगमध्ये युजर-पासवर्ड घालायला डेव्हलपरना सांगितलंय, ते पुढच्या रिलीजला करतील.

जुन्या चॅनेलचा एमसीएयुजर बघितला, काका. तुम्ही सांगू नका म्हणालात, म्हणून सांगत नाही.