भाषण पाठ करावं का?

"भाषण पूर्ण लिहून पाठ करावं की नुसते मुद्दे काढावेत?" या प्रश्नावर इथल्या चर्चेत बहुतेकांनी पाठांतराच्या बाजूने मत दिलंय. मला ते पटत नाही. शालेय वक्तृत्व स्पर्धेत ते चालून जातं, पण एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच अडतं, आणि समोरच्यांना पाठ केलेलं लगेच कळतं. लिहा जरूर, लिहिल्याशिवाय विचार नीट होत नाही. पण पाठ करायची ती पहिली दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य. मधल्या भागासाठी तीन मुद्दे आणि प्रत्येकाला एक उदाहरण पुरे. सराव मोठ्याने, उभं राहून आणि घड्याळ लावूनच करा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी कमी वेळेत संपतं.

टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या क्लबांच्या संस्थेचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? राल्फ स्मेडली यांनी 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था पुण्या-मुंबईतही आहे. तिथे 5 ते 7 मिनिटांच्या तयार भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. तुम्ही किती वेळा "अं", "म्हणजे" म्हणालात हे एक जण मोजतो. दुसरा तुमच्या भाषणाचं मूल्यमापन सगळ्यांसमोर करतो, आणि खरी सुधारणा होते ती त्यातूनच. ऐनवेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलण्याचा भागही असतो. भीती घालवायला त्याहून चांगला सराव मला माहीत नाही. पाहुणे म्हणून बहुतेक क्लबांत जाता येतं, एकदा नक्की जाऊन बघा.