घरच्या कॉम्प्युटरला टीव्ही जोडावा की मॉनिटर? तुमचे अनुभव लिहा

जुना मॉनिटर गेल्या आठवड्यात बंद पडला. साधारण सारख्याच पैशांत २७ इंची मॉनिटर येतो आणि ४३ इंची फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) टीव्हीही. दुकानदार म्हणतो, टीव्हीच घ्या. मी दिवसभर एक्सेलमध्ये असतो, संध्याकाळी मुलगी क्लासचे व्हिडिओ बघते. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी नक्की लिहा. वापरताना काय झालं, ते हवंय.

सांगली, प्रुफं तपासते

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये बैठकीतला ३२ इंची एचडी रेडी टीव्ही टेबलावर आणला आणि दोन महिने त्यावर पुस्तकाची प्रुफं तपासली. फार मनस्ताप झाला. ध आणि घ वेगळे दिसेनात. 'धन' आहे की 'घन', ते वाक्यावरून ठरवायचं. प्रुफं तपासणाऱ्याने असं करून कसं चालेल? 'कीर्ती'तला रफार तर वेलांटीतच विरघळून जायचा. भाच्याने हिशेब मांडून दाखवला: या टीव्हीवर आडवे १३६६ ठिपके, म्हणजे इंचाला जेमतेम ४९. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२. सोफ्यावरून हे जाणवत नाही, हातभर अंतरावरून डोळ्यांत खुपतं. मॉनिटर आला त्या दिवशी आधीची ऐंशी पानं पुन्हा काढली. अकरा चुका सापडल्या.

डोंबिवली

आमची एकच खोली, म्हणून टीव्हीलाच कॉम्प्युटर जोडला होता. माझा कॉल लांबला की आईची आठची मालिका बुडायची. ती काही बोलायची नाही, आवाज न करता ओट्यापाशी बसून राहायची. मला ते बघवेना. २२ इंची मॉनिटर घेतला, टीव्ही आईला परत दिला.

कोल्हापूर

टीव्हीला नावं ठेवण्याआधी सेटिंग बघा. मी तीन वर्षं ४३ इंची फोरकेवर काम करतोय, त्यात इंचाला शंभराच्या वर ठिपके बसतात. सुरुवातीला विंडोजची खालची पट्टी अर्धी कापली जायची, कारण बरेच टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा छाटतात. पिक्चर साइजमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' केलं की ते थांबतं. लाल अक्षरं फिसकटलेली दिसायची. रंगाची माहिती दर ठिपक्याला न येता चार ठिपक्यांना मिळून एकदाच आली की असं होतं. सॅमसंग, एलजीच्या बऱ्याच टीव्हींवर एचडीएमआय इनपुटचं (कॉम्प्युटरची केबल जिथे लावतो त्याचं) नाव 'पीसी' ठेवलं की अक्षर स्वच्छ होतं. माऊस हलवल्यावर बाण उशिरा हलत असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा. मात्र लॅपटॉप जुना असेल, एचडीएमआय १.४ वाला, तर फोरके ३० हर्ट्झवरच चालतं, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. मग माऊस अडखळतो.

नागपूर

माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत, डोळ्यांचा पडदा कमजोर झालाय. मॉनिटरवर वाचताना नाक काचेला टेकायचं. ४३ इंची टीव्ही चार फुटांवर लावला, विंडोजमध्ये अक्षर तिप्पट केलं. पहिल्या दिवशी त्यांनी ई-पेपरचा अग्रलेख आईला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये न थांबता. आई हातातली भाजी निवडायची सोडून ऐकत होती. असं काही कारण घरात असेल तर टीव्ही घ्याच.

पुन्हा मीच

मनापासून आभार. काल वर्तमानपत्राची पानं चिकटवून ४३ इंची टीव्हीचा आकार केला, रुंदी ९५ सेंटिमीटर भरली. माझं टेबल दोन फूट खोल. कडेचे रकाने वाचायला मान वळवावी लागली. मॉनिटरच घेतोय. २७ इंचाला फुल एचडी पुरेल का?

सांगली

नको. त्यात इंचाला ८२च ठिपके पडतात. २५६० बाय १४४० घ्या, १०९ पडतात. आणि वरखाली होणारा स्टँड बघून घ्या, तुमच्या आणि मुलीच्या उंचीत फरक असेल.