नवीन शहर, ड्रायव्हिंगची वेगळीच तऱ्हा. सवय कशी करायची? मदत हवी आहे

मंडळी, नोकरीमुळे शहर बदललंय आणि सध्या गाडीची किल्ली हातात घेतली की पोटात गोळा येतो. आधीच सांगते, मी नवशिकी नाहीये, घाट, हायवे, धो धो पाऊस, रात्रीचं ड्रायव्हिंग सगळं झालंय त्यामुळे "एखादा क्लास लावा" असा सल्ला प्लीज नको. नियम दोन्हीकडे तेच, पाट्या त्याच, पण इथे लोक रस्त्यावर एकमेकांना जे इशारे करतात त्यांचा अर्थच वेगळा निघतो आणि माझी सगळी पंचाईत तिथे आहे.

म्हणजे बघा, आधीच्या शहरात समोरच्याने डिप्पर दिला की "तुम्ही जा" असं समजायचं. इथे डिप्पर म्हणजे "मी येतोय, थांब तिथेच". अगदी उलटं! इंडिकेटरचंही तसंच, तिकडे इंडिकेटर दिला की मागचा जरा हळू व्हायचा, इथे इंडिकेटर दिसला की मागचा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, जणू मी त्याला चॅलेंजच दिलंय. हॉर्नचं तर विचारूच नका, कोण रागावलंय, कोण फक्त "मी बाजूला आहे" सांगतंय आणि कोण उगाच वाजवतंय काहीच कळत नाही, त्यामुळे प्रत्येक हॉर्नला मी दचकते.

माझे मुख्य प्रश्न असे की,

पुढच्या गाडीपासून नीट अंतर ठेवलं की त्या जागेत लगेच कोणीतरी घुसतं, मग मी परत मागे होते, परत कोणीतरी घुसतं. मग काय बंपरला चिकटून चालवायची का सगळ्यांसारखी?

पिवळा लागला की मी थांबते, पण मागच्याने मी थांबणार हे धरलेलंच नसतं, तो आणखी जोरात येत असतो. अशा वेळी थांबायचं की निघून जायचं?

आणि सर्कल. नियमाने आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं ना? इथे जो रेटेल तो पुढे. मी आपली तोंडाशी उभी, मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा.

नवरा म्हणतो तू फार सभ्यपणे चालवतेस, इथे दामटायला शिक. मला ते पटत नाही पण रोज घामाघूम होऊन ऑफिसला पोचणंही जमेना झालंय. जे असे शहर बदलून गेलेत त्यांनी सांगा ना.

प्रतिसाद १

ताई, अंतराचं सांगतो कारण माझाही याच गोष्टीने जाम संताप व्हायचा. घुसू द्या खुशाल. थोडा हिशोब करा, ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते, आणि पुढच्याचा ब्रेक दिसून आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे चिकटून चालवणाऱ्याचा ब्रेक लागायच्या आधीच खेळ खलास. दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर एक गाडी मध्ये आली की ते परत करायला तुमचे दोनेक सेकंद जातात, बस. अख्ख्या रस्त्यात दहा जण घुसले तरी वीस सेकंद, तेवढी तर पुढच्या लाल सिग्नललाच जाणार असतात. फक्त एक करा, कोणी घुसलं की कचकन ब्रेक मारू नका, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडा, आपोआप अंतर होतं आणि मागचाही भडकत नाही.

प्रतिसाद २

पिवळ्याचा निर्णय पिवळा लागल्यावर घ्यायचाच नसतो. लांबून हिरवा दिसला आणि तो बराच वेळ हिरवाच आहे असं वाटलं की तेव्हाच आरशात बघून ठेवायचं मागे कोण आहे, किती जवळ आहे. ट्रक किंवा बस अगदी पाठीशी असेल तर आधीपासूनच स्पीड कमी करत आणायचा, ब्रेकला दोनदा हलका पाय लावायचा म्हणजे मागे लाल दिवा दिसतो आणि त्याला अंदाज येतो. थांबण्याइतकी जागा असताना पिवळ्याला थांबणंच बरोबर, पण रेषेच्या अगदी जवळ पोचल्यावर पिवळा झाला तर करकचून दाबण्यापेक्षा निघून गेलेलं बरं. मागच्याच्या हॉर्नमुळे लाल मात्र तोडू नका, पावती फाटली तर तो भरणार नाहीये :)

प्रतिसाद ३

डिप्पर, हॉर्न, हात या कशावरच विश्वास ठेवू नका, गाडी काय करतेय ते बघा. मी गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक बघते, ड्रायव्हरचं तोंड नाही. गाडी हलतेय हे जाणवायच्या आधी चाक फिरताना दिसतं, आणि कुठे वळलंय तेही कळतं. तसंच समोरच्याने खरंच ब्रेक लावला असेल तर गाडीचं नाक किंचित खाली दबतं, ते दिसलं की समजायचं हा थांबतोय, नुसता डिप्पर देऊन काय होतं. टूव्हीलरवाला वळायच्या आधी बहुतेक वेळा मान किंवा खांदा वळवतो, इंडिकेटर चालू असो नसो. (बऱ्याच जणांचा मागच्या वळणापासूनच चालू राहिलेला असतो ते सोडा.)

सर्कलला पूर्ण थांबलात की संपलं, मग कोणी सोडत नाही. लांबूनच स्पीड कमी करून दुसऱ्या नाहीतर पहिल्या गिअरला हळूहळू सरकत राहा, आतली गाडी गेली की त्याच्या पाठोपाठ घ्या. आणि एकदा आत शिरलात की मध्येच थांबून कोणाला "या या" करू नका, सगळ्यात घोळ त्यानेच होतो कारण मागच्याला ते अपेक्षितच नसतं. सभ्य राहा, पण डळमळीत नको.

धागाकर्ती

चाकाचं भारीच आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! वीस सेकंदांचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, तो गप्प आहे सध्या. अजून एक विचारते, इंडिकेटर दिला की मागचा स्पीड वाढवतो त्याचं काय? काही जण म्हणतात देऊच नका, सरळ घुसवा.

प्रतिसाद ३

नाही हो, द्यायचाच. ज्याला जागा द्यायची नाही तो पुढे निघून जातो, जाऊ दे, तुम्हाला त्याच्या पुढे जायचंच नव्हतं. त्याच्या मागचा बघा, बऱ्याचदा तो देतो. इंडिकेटर चालू ठेवून आपल्याच लेनमध्ये त्या बाजूला जरासं सरकायचं, आरशात तो मागे पडताना दिसला की मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघायचा आणि मग जायचं. टूव्हीलर नेमकी त्याच कोपऱ्यात असते, तेव्हा नुसत्या आरशावर जाऊ नका. आणि सुरुवातीला जमलं तर सुट्टीच्या दिवशी सकाळी ऑफिसचा रस्ता एकदा रिकामा असताना चालवून बघा, कुठली लेन पुढे संपते आणि कुठली सक्तीने वळवते हे एकदा पाठ झालं की शेवटच्या क्षणी लेन बदलायची वेळच कमी येते.