मदत हवी आहे: शार्प मालिका कुठल्या क्रमाने बघू?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांवरची, नेपोलियनच्या काळातल्या शार्प नावाच्या इंग्रज सैनिकाची शार्प ही ब्रिटिश मालिका कुणी पूर्ण बघितलीय का? शॉन बीन आहे त्यात, १९९३ ते ९७ मध्ये १४ भाग आले आणि एकेक भाग सिनेमाएवढा लांब, नंतर २००६ आणि २००८ ला अजून दोन आले ते भारतात घडणारे.

माझा घोळ असा की कादंबऱ्यांच्या काळाप्रमाणे शार्पची सुरुवातच भारतात होते, १७९९ चं श्रीरंगपट्टण, मग १८०३ ची असईची लढाई आणि गाविलगड, म्हणजे आपलं जालना आणि चिखलदराच की ओ! पण मालिका सुरू होते थेट १८०९ च्या स्पेन-पोर्तुगालपासून, आणि २००६ चा भाग त्या तीन कादंबऱ्यांवरून सैलसर घेऊन कथा १८१७ मध्ये नेलीय. मग असई नीट दाखवलीय का त्यात? मला तेच सगळ्यात जास्त बघायचंय, शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजांची इतकी माणसं पाडली की तेव्हाचा इंग्रज सेनापती वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टनसुद्धा ती लढाई शेवटपर्यंत विसरला नाही, ते पडद्यावर यायलाच पाहिजे असं मनापासून वाटतं.

वडिलांना पण दाखवायचीय, भुईकोट किल्ल्यात फिरायला गेले की १८१८ च्या वेढ्याबद्दल तासभर बोलतात ते, पण इंग्रजी भराभर कळत नाही. हिंदी डबिंग किंवा निदान हिंदी सबटायटल कुठं मिळतील का? आणि आधी तीन कादंबऱ्या वाचू की सरळ मालिका लावू? बघितलेल्यांनी प्लीज सांगा.