मॅड मॅक्स तुम्हाला कुठे भेटला? नाशिककरांचे अनुभव

मे २०१५. सिंहस्थाची कामं ऐन भरात होती, अर्धं शहर उकरलेलं. त्या धुळीतून मी आणि धाकटा भाऊ स्कूटरवर ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ बघायला गेलो. थेटरात आम्हाला धरून वीसेक माणसं असतील. सुटल्यावर भाऊ पार्किंगकडे वळलाच नाही, पायऱ्यांवर बसून राहिला. “ताई, खऱ्या गाड्या उडवल्यात गं यांनी,” एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता.

तेव्हापासून या चित्रपटांबद्दल मिळेल ते मी वाचत आले आहे. पेट्रोल-पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जगात गाडी घेऊन भटकणाऱ्या मॅक्सची ही गोष्ट. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक जॉर्ज मिलरचा पहिला ‘मॅड मॅक्स’ आला, तेव्हा फिलिप अ‍ॅडम्स या ऑस्ट्रेलियन समीक्षकाने त्याची तुलना थेट हिटलरच्या आत्मचरित्राशी केली होती. न्यूझीलंड आणि स्वीडनमध्ये त्यावर बंदी आली. चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत झालेला हा चित्रपट जगभरात दहा कोटी अमेरिकी डॉलरवर गेला. खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफ्याचा गिनीज विक्रम पुढे वीस वर्षं त्याच्याच नावावर होता. त्याच मिलरने वयाच्या सत्तरीत ‘फ्युरी रोड’ केला. कान महोत्सवात तो दाखवला गेला, जागतिक समीक्षक संघटनेने वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याचा गौरव केला आणि १० ऑस्कर नामांकनांपैकी ६ पुरस्कार त्याने जिंकले.

छत्तीस वर्षांत चित्रपट बदलला की बघणारे बदलले, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. म्हणून हा धागा. तुम्ही यातला कुठलाही भाग कुठे, कुणाबरोबर, कसल्या दिवसांत पाहिलात? समीक्षकांचं वाचून तुमचं मत हललं का? लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

सातपूर

मी पहिला भाग १९८६ च्या गणपतीत पाहिला. आमच्या कॉलनीत मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्री दोन हिंदी चित्रपट झाले आणि बायकामुलं झोपायला गेल्यावर आम्ही सेकंड शिफ्टची पोरं उरलो. कॅसेट इतकी घासलेली की खालच्या बाजूला सतत पट्टे. तरी ती काळी गाडी आली आणि सगळे गप्प झाले.

कित्येक वर्षं मी तो अमेरिकन चित्रपट समजत होतो. मुलाने अलीकडे मूळ आवाजातला दाखवला तेव्हा कळलं, अमेरिकेतल्या वितरकाने ऑस्ट्रेलियन उच्चार लोकांना समजणार नाहीत म्हणून सगळे संवाद दुसऱ्यांकडून म्हणवून घेतले होते. आम्ही ऐकला तो मॅक्स झालेल्या मेल गिब्सनचा आवाजच नव्हता.

मी जन्मभर मशीन शॉपमध्ये काम केलं, त्यामुळे माझं लक्ष यंत्रांकडे. दुसऱ्या भागात मॅक्स बटण ओढतो आणि बॉनेटवरचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारं यंत्र, सुरू होतो. तो तसा बटणावर चालू-बंद होत नसतो. यावरून कँटीनमध्ये आमची आठवडाभर भांडणं झाली होती. पण ती फोर्ड फाल्कन मात्र खरी, धडका खऱ्या. पहिल्या भागात सुरुवातीच्या पाठलागात एक निळी व्हॅन चेचली जाते, ती मिलरची स्वतःची होती. पैसे नव्हते म्हणून घरची गाडी घातली. आणि चित्रपटाचं संकलन झालं ते निर्माता बायरन केनेडीच्या वडिलांनी, एका इंजिनिअरने, घरी बनवून दिलेल्या यंत्रावर. हे वाचलं त्या दिवशी मला तो चित्रपट आपल्यातल्याच कुणीतरी केलाय असं वाटलं. समीक्षकांनी काय लिहिलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या रात्री मी उठून गेलो नसतो.

एक राहिलं. कथेमागे १९७३ ची तेलटंचाई होती. पटकथेवर मिलरबरोबर काम करणारे जेम्स मकॉसलंड मूळचे पत्रकार, त्यांनी पेट्रोलच्या रांगेत सभ्य माणसं हातघाईवर आलेली पाहिली होती. आम्ही रॉकेलच्या रांगेत वाढलो. डबे एकामागे एक लावून ठेवायचे, आणि कुणी आपला डबा पुढे सरकवला तर काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे ती दुनिया मला कधी लांबची वाटली नाही.

द्वारका परिसर

मी परिचारिका आहे. एका रुग्णालयाच्या अपघात विभागात सोळा वर्षं काढली. मुंबई-आग्रा महामार्ग जवळ, त्यामुळे रात्री काय काय येतं ते सांगत नाही. नवऱ्याने पहिला भाग लावला तेव्हा मी दहा मिनिटांत उठले. पडद्यावरही तेच कशाला बघायचं?

मग कुठेतरी वाचलं की मिलर स्वतः डॉक्टर होता, सिडनीच्या रुग्णालयात अपघातविभागात काम करायचा, आणि रस्त्यावर मोडलेली तरुण पोरं बघून त्याच्या मनात हा चित्रपट घोळू लागला. तेव्हा पुन्हा बसले. या वेळी नीट पाहिलं. मॅक्सच्या बायकोला आणि बाळाला मोटरसायकलवाले गाठतात तो प्रसंग लोक फार भयंकर म्हणून सांगतात. प्रत्यक्षात तिथे धडक दाखवलेलीच नाही. रिकामा रस्ता आणि त्यावर पडलेला बूट. आमच्याकडेही असंच असतं. स्ट्रेचर आत जातं, आणि बाहेर नातेवाईक हातात एकच चप्पल धरून उभे असतात. ते ज्याने पाहिलंय त्यालाच तो बूट सुचतो. ज्यांनी या माणसाला हिंसेची चटक लावणारा म्हटलं, त्यांच्यावर मला राग आहे, तो राग मी इथे मोकळेपणाने लिहिते.

सिडको

मला ‘फ्युरी रोड’ अजिबात आवडला नाही. जायचं आणि परत यायचं, एवढीच गोष्ट. ऑस्कर मिळाले म्हणून दोनदा पाहिला, दोन्ही वेळा डोकं दुखलं. सगळे मान डोलावताहेत म्हणून मीही डोलवावी असं वाटत नाही.

धागाकर्ती

सिडकोकर, असं लिहिणारं कुणीतरी हवंच होतं, आभार. जायचं आणि परत यायचं हे अगदी बरोबर. मला मात्र त्या परत फिरण्याच्या क्षणी भरून येतं. त्या पळालेल्या बायकांना जिथे पोचायचं ती हिरवी जागाच उरलेली नाही असं कळतं, आणि ज्या जागेतून पळालो तिथेच पाणी आहे. कधी जमलं तर तेवढी पंधरा मिनिटं वेगळी काढून बघा.

निफाड तालुका

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. मी ‘फ्युरी रोड’ २०१६ च्या एप्रिलमध्ये मोबाईलवर पाहिला, शेडमध्ये, टँकरची वाट बघत. ते वर्ष नाशिकच्या माणसाने विसरू नये. सिंहस्थात लाखो लोकांनी जिथे डुबकी मारली तो रामकुंड सात-आठ महिन्यांत कोरडा पडला. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोरं क्रिकेट खेळतील असं माझ्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कानफटात दिली असती. त्याआधी दिवाळीच्या तोंडावर आमच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं होतं, त्यावरून मोर्चे निघाले. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी नको द्यायला असं मी म्हणणार नाही, माझी बहीण वैजापूरला दिलीय.

तर चित्रपटातला खलनायक, सगळं पाणी ताब्यात ठेवणारा तो इमॉर्टन जो, वर कड्यावर उभा राहतो, दांडा ओढतो, खाली हजारो माणसं भांडी वर करतात, पाणी कोसळतं आणि दोन घोट होईस्तोवर बंद. वर पुन्हा उपदेश करतो, पाण्याची सवय लावून घेऊ नका. मी फोन बाजूला ठेवला. द्राक्षाची बाग जगवायला हजार लिटरमागे पैसे मोजत होतो मी तेव्हा. परीक्षणांत गाड्यांचं कौतुक, स्त्रीवादाची चर्चा, सगळं योग्यच असेल. माझ्यासाठी तो चित्रपट त्या दांड्यावर कुणाचा हात आहे याचा आहे. शेवटी जोने दुधासाठी डांबून ठेवलेल्या बाया वर जाऊन पाणी सोडतात तेव्हा मी शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या.

पंचवटी

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. चार कॅमेरे, दोन दिवस, वीस तासांचं फुटेज, त्यातून चाळीस मिनिटं काढायची. ‘फ्युरी रोड’चं फुटेज ४८० तासांच्या आसपास होतं. संकलन मार्गारेट सिक्सल यांचं, त्या मिलरच्या पत्नी. दोन तासांत जवळपास २७०० कट. इतके कट असूनही आपण हरवत नाही, कोण कुठे आहे ते कळतं. का, ते मी फ्रेम थांबवून थांबवून शोधलं. बघायची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये मधोमध आहे. डोळ्याला इकडेतिकडे धावावं लागत नाही, म्हणून शॉट अर्ध्या सेकंदाचा असला तरी वाचता येतो. कॅमेरामन जॉन सील, निवृत्ती सोडून परत आलेला माणूस, त्याने शूटिंगलाच हे पाळलं होतं.

पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे वरातीचं काम होतं. ढोलाचे शॉट मी त्याच पद्धतीने लावले, टिपरू मधोमध, चेहरा मधोमध. नवरदेवाच्या मामांनी तीनदा लावून पाहिलं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या जिल्ह्यात राहून मला संकलन नामिबियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या चित्रपटाने शिकवलं, आणि मी त्याचा फार ऋणी आहे.

अंबड

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. २०११ मध्ये प्रेस मशीनवर माझ्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता एवढं लिहिते. त्यानंतर मी चार वर्षं ओढणीखाली हात लपवत होते. बसमध्ये, लग्नात, कुणीही विचारायचं, काय झालं, कसं झालं, किती पैसे मिळाले.

मुलाने लॅपटॉपवर ‘फ्युरी रोड’ लावला होता, मी भाजी निवडत होते. त्यातली नायिका फ्युरिओसा, तिचा डावा हात कोपराखाली नाही. मी वाट बघत राहिले, आता सांगतील कसा गेला. आता कुणीतरी विचारेल. संपेपर्यंत कुणी विचारलं नाही. ती ट्रक चालवते, मारामारी करते, गाडीखाली लोंबकळून दुरुस्ती करते, आणि हात हा विषयच होत नाही. चिखलात ट्रक रुतलेला असतो त्या रात्री दोनच गोळ्या उरतात. मॅक्सचा नेम चुकतो, एकच उरते. तेव्हा तो काही न बोलता बंदूक तिला देतो आणि तिच्यासमोर बसतो. ती त्याच्या खांद्यावर बंदूक टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि मारते. मी मुलाला ते चार वेळा मागे घ्यायला लावलं.

वर ताईंनी विचारलंय, समीक्षकांचं वाचून मत बदललं का. मी काही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ओढणी बॅगेत ठेवली होती.

सातपूर

अंबडच्या ताई, मी पॉवर प्रेसवर अकरा वर्षं सुपरवायझर होतो. सेन्सर बंद ठेवून प्रॉडक्शन काढा असं सांगणारे वरचे साहेब मी पाहिलेत, आणि दोनदा मीही गप्प बसलोय. गाड्यांच्या नादात तुम्ही म्हणता तो प्रसंग माझ्या लक्षातच आला नव्हता. मुलाला सांगितलंय, रविवारी लावणार आहे.